छपराचा चावलेला कोपरा

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. साष्टांग घालायचा होता, पण कंबर धरली आहे, तेव्हा तो घातला असं तू धरून चाल आणि आशीर्वाद मात्र खराखुरा पाठव. इकडे आम्ही सगळे ठीक. तुझे गुडघे कसे आहेत? शिवणयंत्राचा पट्टा सारखा निसटत होता, तो बदललास का? आणि पोट कसं आहे? (तुझ्या पोटाची चौकशी मी आजवर कधी केली नव्हती, हे तुझ्या लक्षात आलं असेल. पुढे वाचशील तेव्हा कारण कळेल.)

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. परवाच्या नाताळात आमच्याकडे एक चमत्कारिक गोष्ट घडली. मला तिचा उलगडा होत नाही, आणि उलगडा झाल्याशिवाय मला जेवण जात नाही हे तुला माहीत आहे. पण आधी मागचं सांगायला हवं. तुला ते पाठ आहे, तरी सांगतो, कारण माझ्या बाजूने तू ते कधी ऐकलेलं नाहीस. गेल्या नाताळात दादाने तुझ्या केकचा पहिला घास तोंडात घातला, या गालातून त्या गालात फिरवला आणि भरल्या घरात म्हणाला, "हा केक आहे की वीट?" केक डब्यात, डबा पिशवीत, पिशवी खांद्यावर, आणि "या दारातून मी पुन्हा आत यायची नाही," एवढं म्हणून निघालीस. आई गेल्यापासून नाताळचा केक तूच करत आलीस, आणि तो आमच्याच घरी कापायचा हेही आईनेच ठरवलेलं. त्यानंतर वर्षभर दादाचं एकच पालुपद: "मी काय खोटं बोललो?" (हे तो कोणी न विचारताच म्हणतो. परवा न्हाव्याकडे दाढी करतानाही म्हणाला म्हणे.) आणि यंदा त्याने जाहीरच करून टाकलं की हा शेवटचा नाताळ एकत्र, पुढच्या वर्षापासून ज्याने त्याने आपापल्या घरी खावं. तू नाहीस म्हटल्यावर कोणी फारसा विरोधही केला नाही. मला वाईट वाटलं ते त्याचंच.

शेवटचाच, तर निदान थाटात व्हावा म्हणून दादाच्या लेकीने, तुझ्या भाचीने, थीम काढली. ती दुकानांच्या काचेमागची सजावट करते हे तुला माहीत आहे. दिवसभर पुतळ्यांना कपडे घालायचे, त्यामुळे माणसंही सांगितलेल्या जागी गप्प उभी राहतील असा तिचा गैरसमज आहे. थीम अशी की बाळ येशूचा गोठा घरात उभा करायचा आणि प्रत्येकाने त्यातला कोणीतरी होऊन यायचं. तिने सगळ्यांना पत्रिका पाठवल्या (तुलाही पाठवली होती, मिळाली असेलच), पण कोणी काय व्हायचं हे ज्याच्या त्याच्यावर सोडलं. त्यामुळे झालं असं की मेंढपाळ व्हायला कोणीच तयार नाही आणि राजे चार. दादा राजा, हे ओघानेच आलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर राजा, कारण त्यांच्याकडे मुकुट आधीपासूनच होता. (कशासाठी, हे विचारायचं राहून गेलं.) आपल्या धाकट्या बहिणीचा नवरा राजा. आणि चौथ्या राजा आपल्या वहिनी. भाची त्यांना म्हणाली, "आई, तू मेंढपाळीण हो ना," तर वहिनी म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मी या माणसाच्या मागे मेंढरासारखीच चाललेय. आज मी राजा." मग घरमालक या नात्याने मी मेंढपाळ झालो. सगळे राजे पडदे आणि चादरी गुंडाळून, टाचण्या लावून, दाढ्या चिकटवून आलेले. दादाचा जावई तारा झाला होता. पुठ्ठ्याचा, चांदीचा कागद लावलेला, पाच टोकांचा, आणि मध्ये त्याचं तोंड.

आता केकचं. तुझी कृती कुठे लिहिलेली नाही आणि विचारायची सोय नव्हती. तुझ्या धाकट्या भावजयीला साहित्य आठवत होतं. मला आठवत होता तो फक्त तुझा चेहरा, म्हणजे पीठ चमच्यावरून खाली पडताना तू एक डोळा बारीक करून बघायचीस तो. आम्ही दोघांनी आळीपाळीने डोळे बारीक करून बघितले. पीठ पडत होतं, पण ते बरोबर पडतंय का, हे कोणाला कळणार? भिजवलेली फळं घातली, केक ओव्हनमध्ये सरकवला आणि देवावर भार टाकला.

मग भाचीच्या हुकमावरून आल्याच्या बिस्किटांचं घर बांधायला घेतलं. भिंती उभ्या राहिल्या, छप्पर काही राहीना. आयसिंग लावून चिकटवलं की घसरे. पुन्हा लावलं की पुन्हा घसरे. तुझी भावजय म्हणाली, "अहो, जरा घट्ट कालवा. जन्मभर दुसरं काय केलंत?" आता हे खरंच आहे. माणसांच्या जबड्यांचे साचे ओतण्यासाठी मी जन्मभर प्लास्टर कालवत आलो. माझा हात कालवायला लागला की डोकं सुट्टीवर जातं. आणि गोठ्याचे खांब रोवायला बैठक करायची म्हणून दवाखान्याच्या कामातल्या प्लास्टरचा एक डबा मी त्याच ओट्यावर आणून ठेवला होता. पांढरी भुकटी, पांढरा डबा. माझा हात आपल्या सवयीच्या डब्याकडे गेला. तू म्हणशील, वासावरून कळलं नाही? आल्याचा वास एवढा सुटला होता की सिमेंटही कळलं नसतं. छप्पर बसलं, ताई, आणि असं बसलं की सगळ्यांनी वाहवा केली. मी त्यावर छान जाडसर थर दिला, कडेला लोंबते बर्फाचे सुळे काढले (सुळे मला चांगले जमतात), आणि समोर बैठकीच्या खोलीत गोठा लावायला गेलो.

आणि इथून पुढे सगळं गूढ आहे. आम्ही सगळे बैठकीच्या खोलीत. जावई स्वयंपाकघरातून पाणी पिऊन येताना दारात अडकला. वरची दोन टोकं चौकटीच्या पलीकडे, खालची अलीकडे, आणि तोंड मध्येच. पुढे येईना, मागे जाईना. भाची म्हणाली, "ताऱ्याला वाकवू नका, दोन रात्री जागून केलाय." नवऱ्याचं तिने नावही काढलं नाही. धाकटीचा नवरा ओढतोय, पोस्टमास्तर सूचना देतायत, जावई ताऱ्यातून "अरे, कान! कान!" म्हणून ओरडतोय, आणि तेवढ्यात केक करपल्याचा वास आला. तुझ्या भावजयीचा चेहरा पांढरा पडला. घरातून स्वयंपाकघरात जायचं एकच दार आणि त्यात जावई (मागच्या दाराने वळसा घालून जाता येतं, हे त्या गोंधळात कोणालाच सुचलं नाही). दादा म्हणाला, "झालं! गेल्या वर्षी वीट, यंदा कोळसा!" कोणी हसलं नाही.

दादा वाकून ताऱ्याच्या दोन टोकांच्या फटीतून आत बघायला लागला. त्याला आत एक राजा दिसला. उंच मुकुट, डोळ्यांपर्यंत दाढी, ओव्हनपाशी वाकलेला. दादाला वाटलं, वहिनी. तो ओरडला, "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलायस?" त्या राजाने वळून शांतपणे आपल्या कपाळाकडे बोट दाखवलं. दादाने कपाळाला हात लावला, तर चष्मा तिथेच, मुकुटाखाली. "मिळाला," असं म्हणून तो मागे वळला आणि मागे वहिनी उभ्या होत्या. पहिल्यापासून तिथेच होत्या. आता सांग, ताई, आतला राजा कोण?

शेवटी ताऱ्याचं एक टोक कापलं (भाची अजून बोलत नाही), आणि आम्ही आत धावलो. स्वयंपाकघरात कोणीही नाही. ओव्हन मंद केलेला. केकवर खाकी कागद, मध्ये बोटाएवढं भोक पाडून, नीट झाकलेला. कागद कोणी झाकला? मी नाही. तुझ्या भावजयीला तर वरून करपू नये म्हणून असा कागद झाकतात हेच माहीत नव्हतं. मागचं दार आवाज न करता ओढून घेतलेलं.

केक मऊसूत झाला होता. वर एका कडेला थोडा काळा, बाकी सुरेख. दादाने घास घेतला, सगळे श्वास धरून उभे. दादा म्हणाला, "हं." मग दुसरा तुकडा घेतला. मग आल्याचं घर कापायची पाळी आली. दादाने सुरी लावली, सुरी वाकली. पोस्टमास्तरांनी लावली, मूठ हातात आली. मी छपरावर टिचकी मारली आणि आवाज ऐकल्याबरोबर मला सगळं कळलं. तो आवाज मी जन्मभर ऐकत आलोय. दादा म्हणाला, "मागच्या वर्षी केकची वीट, यंदा घराचीच!" आणि या खेपेला सगळे पोट धरधरून हसले, तोसुद्धा.

मग भाचीला छपराचा मागचा कोपरा दिसला. तो कोणीतरी चावला होता. प्लास्टर ओलं असतानाच चावला असणार, कारण दातांचा ठसा त्यात असा उमटून वाळला होता की मी स्वतः साचा घेतला असता तर इतका स्वच्छ आला नसता. तुटलेला तुकडा बेसिनमध्ये सापडला, थुंकलेला. मी भिंग आणलं. सगळ्यांना ओळीत उभं करून तोंडं उघडायला लावली. दादाची कवळी मीच केली आहे, ती नव्हे. वहिनींच्या पुढच्या दातांत फट आहे, ठशात नाही. पोस्टमास्तरांचा चावा तिरका. भाचीने तोंड उघडायला नकार दिला, पण तिच्या दातांना तार आहे, तारेची खूण असती. तुझी भावजय म्हणाली, "तुम्ही पोलिसात जायला हवं होतं, निदान केक तरी मी एकटीने केला असता." ठसा सुबक आहे. दात सरळ, आणि वरच्या पुढच्या एका दाताच्या मधोमध बारीकशी खाच. अशी खाच असलेलं कोणी तुझ्या ओळखीत आहे का? भाचीने दारात अडकलेल्या नवऱ्याचा फोटो काढला होता, त्यात फटीतून पाचव्या राजाच्या झग्याची कड दिसते. बाकी आम्ही सगळे टाचण्यांवर. या राजाच्या झग्याला मात्र आतून दुमडून, बारीक टाक्यांची शिवण. कोण असेल, ताई? का आला असेल? आणि आला तर तोंड न दाखवता का गेला असेल? डोकं चालेनासं झालंय. तुला काही सुचलं तर कळव.

वहिनी, भाची, तुझी भावजय, सगळ्यांचे नमस्कार. पोस्टमास्तरांनीही सांगितलाय.

तुझा,
धाकटा

ता. क. पुढच्या दाताला मधोमध खाच पडते ती वर्षानुवर्षं दोरा दाताने तोडणाऱ्याच्या दाताला. मी तुला कॉलेजात असल्यापासून सांगतोय की कात्री वापर. पोटाचं म्हणून विचारलं. बेसिनमधला तुकडा छपराच्या कोपऱ्याला लावून पाहिला, चोख बसला, म्हणजे तू काही गिळलेलं नाहीस. पण पत्राने कळवलंस तर बरं वाटेल.

आणखी एक. "या दारातून आत यायची नाही" म्हणालीस आणि आली नाहीस. मागच्या दारातून आलीस. शब्दाची पक्की आहेस, यात वाद नाही. म्हणून मागच्या दाराला आज मी आतून फळी ठोकून घेतली आहे. ठोकताना कंबर धरली. आता पुढचं एकच दार उरलं आहे. ती चौकट थोडी तासून रुंद करतोय, म्हणजे जावई तिथेही अडकायचा नाही आणि तू म्हणू शकशील की हे ते दार नव्हेच.

आणि हेही. परवा वहिनींनी सहज सांगितलं की दादा गेल्या नाताळात जुनी, ढिली कवळी घालून आला होता. नवी म्हणे "चांगल्या कार्यक्रमाला" ठेवली होती. यंदा राजा व्हायचं म्हणून ती बाहेर काढली. मी दादाला एवढंच विचारलं की बाबा रे, ढिल्या दातांनी काहीही चावलं तर कसं लागतं? त्याने जिभेने नवी कवळी चाचपली. मग म्हणाला, "पत्र पाकिटात घालू नकोस, मला दोन ओळी लिहायच्या आहेत."

(दादाच्या हातचं:) केक मऊ होता. गेल्या वर्षीचाही असणार. चष्मा दाखवलास, बरं झालं. पुढच्या नाताळला केक तूच कर आणि पुढच्या दाराने घेऊन ये, दार मी उघडतो. हे नवे दात घालून लिहितोय. — दादा