लाईनच म्हण, सूनबाई

नांदेड, मंगळवार दुपार

सखी सौ. रत्नम्मा, तुला इथूनच हात जोडून शरणु शरणार्थी.

पहाटे स्वप्नात, शाळेत घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावरचा टोला ऐकू आला. साठ वर्षांपूर्वीचा! पाठोपाठ अख्ख्या वर्गानं एका सुरात म्हटलेली कविता. दुसरं कडवं येईपर्यंत मी डोळे उघडले नाहीत.

डोळ्याच्या ऑपरेशनची पट्टी निघाली. लख्ख दिसतंय. तू गुडघ्याला तेल लावतेस ना?

फोनवर सूनबाई ऐकेल, म्हणून लिहितो. आल्या दिवशीच मी तिला टोकलं. वीज गेली तरी ‘लाईन’, गॅसची रांगही ‘लाईन’, भावाचा धंदाही ‘लाईन’! म्हटलं, मराठीतले शब्द संपले का गं? तेव्हापासून पोरगी जेवणापुरतंच बोलायची. हे कळल्यावर तू फोनवर रागावलीस ते बरोबरच. लई शहाणपणा केला मी.

आज पंखा थांबला. सूनबाई उज्ज्वला म्हणाली, “लाईन गेली,” आणि लगेच जीभ चावून, “चुकलं मामा, वीज गेली.”

मलाच कसंतरी झालं. स्वतःच्या घरात पोरीनं असं भिऊन बोलावं? म्हटलं, “लाईनच म्हण. दुकानात मी चाळीस वर्षं दुसरं काय म्हणत होतो?”

“मग मला कशाला बोललात?” म्हणत ती खळखळून हसली. चहाही झाला. पण ‘चुकलो’ एवढं माझ्या तोंडून निघालंच नाही. संक्रांतीला तू इथं आलीस की तुझ्यासमोर म्हणेन.

थांब, दार वाजलं. उज्ज्वला ओरडून राहिली, “मामा, आत्याबाई आल्या!”

अगं रत्नम्मा, तू? न कळवता? मग आता आजच म्हणावं लागणार.

तुझाच,
बसलिंगप्पा