दोन क्रेटची उंची

१९ ऑक्टो. २००४
दसरा तोंडावर. मळ्यात झेंडूचा ढीग. गेल्या वर्षी उजवा खुबा बदलला तेव्हा डॉ. म्हणाले होते, मांडी नाही, उकिडवं नाही, खाली बसणं आता विसरा. मग माळा ओवायच्या कशा? ह्यांनी टोमॅटोचे दोन क्रेट पालथे घालून एकावर एक रचले, वर घोंगडी. "बसा, पाटलीणबाई." बसले. सूनबाईंची एक माळ होईस्तोवर माझ्या दोन. वर्षभरानं माणसात आले.

२१ ऑक्टो.
दवाखाना. पाठीवर पडून लिहितेय, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. काल दोऱ्याच्या रिळासाठी वाकले, वरचा क्रेट सरकला. खाली सगळा पाकळ्यांचा चिखल. नेमकी उजव्या कुशीवरच पडले. ऊस मोडावा तसा आवाज झाला. तो माझाच.

२२ ऑक्टो. दसरा
डॉ. फोटो दाखवून गेले. बसवलेला खुबा शाबूत आहे म्हणे. राहणारच, धातूचा तो! त्याचा दांडा मांडीच्या हाडात शिरलेला असतो, त्या दांड्याभोवतीचं माझं हाड उभं चिरलंय. दांडा सैल झालाय. तो काढून लांबलचक दुसरा घालायचा आणि हाडाला तारा आवळायच्या.
"पहिल्यापेक्षा अवघड आहे, आजी. त्यात तुम्हाला साखर."
चालेन ना, विचारलं. "आधी हाड जुळू द्या."
हे भिंतीशी उभे, टोपी हातात. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या मुलीनं आपट्याचं पान दिलं. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. मेलं ते सोनं.

३ नोव्हें.
ऑप. होऊन आठवडा. बेडपॅन सून शोभा देते. तोंड वाकडं करत नाही, म्हणून जास्तच मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी तिला भाकरी थापायला शिकवलं होतं...

२८ नोव्हें.
घरी. पाय टेकवायचा नाही. खाट खिडकीशी लावलीय. हे माझ्याशी बोलतच नाहीत. मुलाला, बाळूला, सांगत होते ते ऐकलं. "म्याच रचले ना ते क्रेट. एकच ठिवला असता तर?"
एकच ठेवला असता तर डॉ. ओरडले असते! उंच बसवायचं म्हणून तर दोन. त्यांची चूक नाही हे मला कळतं. तरी संध्याकाळी त्यांच्यावरच ओरडले, चहा गार का म्हणून. हे कप उचलून घेऊन गेले. वाईट वाटलं, पण हाक मारली नाही.

१४ डिसें.
ह्यांनी सुतळीनं माझ्या खुर्चीची उंची मापून नेली. मग दिवसभर थापी, विटा, सिमेंट. माळा ओवायच्या जागेवरच.
शोभा म्हणाली, "ओटा बांधू ऱ्हायले, आत्याबाई. तुमच्यासाठी. ह्यो सरकायचा नाय म्हन्ते."
खूप रडले. तिथवर जाणार कशी, ते कुणी सांगेना.

११ जाने. २००५
फोटो काढला. हाड धरलेलं नाही. फट तशीच. डॉ. म्हणाले, अजून वाट बघू, नाहीतर परत उघडावं लागेल. परत!
लेक मंगल इंदिरानगरहून दवाखान्यात आली होती. जिन्यात जाऊन रडून आली, मला दिसलं. "होईल गं आई." काय होईल? रिक्षात बसवताना बाळूनं लहान पोरासारखं उचललं. डोळे मिटून घेतले. त्यापेक्षा मरण बरं, असं वाटलं. खरंच वाटलं, म्हणून लिहिलं.

२ फेब्रु.
दूध, अंडी, गोळ्या, उन्हात बसणं, सगळं चालू. महिनाअखेर पुन्हा फोटो. आता कुणी "होईल" असं म्हणत नाही. मीही विचारत नाही.
ओट्यावर कुत्रं झोपतं. सिमेंटला पाणी पाजलं की ते धरतं, हाडाला काय पाजायचं?
सकाळी हे बादली घेऊन निघाले. मी खिडकीतून ओरडले, "अहो, पुरे झालं पाणी! कधीच धरलाय तो."
"ठावं हाय मला," म्हणाले. कुत्र्याला हाकललं आणि तांब्या-तांब्यानं ओतत राहिले.