अ‍ॅडमिनचे गुडघे

१४ ऑक्टोबर, सोमवार
चिकुनगुनियाचा ताप जाऊन महिना झाला. मी पूर्ण बरा आहे. फक्त गुडघे, घोटे, मनगटं आणि बोटं राहिलीत. संकल्प: आजपासून दुकानात. घर वर, दुकान खाली, मधे नुसता जिना. अर्ध्यातून परत आलो. घाई बरी नव्हे.
दिवाळीचा सीझन. गल्ल्यावर जगदेवी. साड्यांचा धंदा बायकोला काय जमणार?

१६ ऑक्टोबर, बुधवार
ताप जगदेवीलाही आला होता. ती दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या म्हणे, काहींचे सांधे महिनोन्‌महिने दुखतात, ते दुखणं खरं असतं. थोडं थोडं हलवायचं, थकलं की थांबायचं.
महिनोन्‌महिने! असली माहिती लोकांना घाबरवते. 'निरोगी लातूर' ग्रुपचा अ‍ॅडमिन म्हणून माझी जबाबदारी आहे. पोस्ट टाकली: व्हायरस गेला की आजार गेला, बाकी मनाचे खेळ. भरपूर अंगठे आले. टाइप करताना माझा अंगठा सुजला.

१९ ऑक्टोबर, शनिवार
शर्टाची बटणं लागत नाहीत. बनियन हवेशीर असते.
खाली जगदेवी भाव फार पाडून राहिली. वरूनच ओरडून योग्य भाव सांगितला. गिऱ्हाईक हसलं म्हणे. आणि साडी घेतली. जगदेवीच्याच भावात.

२१ ऑक्टोबर, सोमवार
संगप्पा आला. शेजारचा किराणावाला, शाळेपासूनचा दोस्त. त्यालाही चिकुनगुनिया झालेला, वर जुनी शुगर. म्हणाला, "विरूपाक्षा, तू लई वाचतोस बे. काय तरी इलाज सांग की."
कोणी विचारलं की मला राहवत नाही. मोंढ्याच्या बाजारात एक जण सांधेदुखीच्या पुड्या विकतो. दोघांसाठी मागवल्या. त्यात काय आहे विचारलं तर "जंगलातलं" म्हणाला. म्हणजे नैसर्गिक.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
चमत्कार! तीन दिवस पुड्या घेतल्या आणि जिना उतरलो. व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला.
जगदेवी पुडी घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. निरोप आणला: अशा पुड्यांत कधीकधी स्टिरॉइड मिसळलेलं असतं, शुगरवाल्याला तर फारच वाईट. पण एकदम बंदही करू नका, आधी येऊन दाखवा.
म्हणजे बंद करू नका, असं खुद्द डॉक्टर म्हणतात. तेवढं ग्रुपवर टाकलं.

२९ ऑक्टोबर, मंगळवार
धनत्रयोदशी. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. पुड्या संपल्या. पुडीवाल्याचा फोन बंद.
परत वरच. संडासात बसलो तो उठता येईना. हाका मारल्या. जगदेवी गिऱ्हाईक सोडून आली, काखेत हात घालून उठवलं, खाली गेली.  गिऱ्हाईक थांबलं होतं म्हणे.

१ नोव्हेंबर, शुक्रवार
लक्ष्मीपूजन. संगप्पा दवाखान्यात. शुगर चारशेच्या वर. त्याची बायको उमादेवी खाली दुकानात येऊन रडली. सगळं ऐकू आलं. खिडकी लावायला उठणार होतो. उठता आलं नाही.
शुगर त्याची जुनीच हाय.
ग्रुपवर दिवाळीच्या शुभेच्छा टाकल्या. कोणाचा अंगठा नाही.

३ नोव्हेंबर, रविवार
जिन्याचा व्हिडिओ ग्रुपवरून डिलीट करायला गेलो. सगळ्यांच्या फोनमधून काढायची मुदत टळून गेलीय.
दुपारी नांदेडहून एका अनोळखी बाईचा फोन. "जिना उतरले ते तुमीच का? माझी आई अंथरुणावर हाय. पुडी कुठं भेटते?"
राँग नंबर म्हणालो.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
संगप्पा दवाखान्यातून सुटला, आमच्याकडे आला. कठड्याला धरून, थांबत थांबत जिना चढला. मी खुलासा तयार ठेवला होता, मुद्देसूद. तो भांडलाच नाही. दम खाऊन म्हणाला, "त्या पुडीत काय हाय, तुला ठाऊक होतं का?"
"न्हाई."
"मग दिलीस कशाला?"
खुलासा लिहिलेला मोबाइल मी पालथा ठेवला.
 उद्या त्याला तपासणीला जायचंय. म्हणाला, "तू पण चल." मी म्हणालो, मी ठीक आहे. तो माझ्या बनियनकडं बघत राहिला. मग म्हणाला, "हाव. दिसतंय."
जगदेवीला बोलावून सांगितलं, जातो. तिने लगेच मोंढ्यातले दोन हमाल ठरवले. खुर्चीत बसवून जिना उतरवतील, रिक्षापर्यंत नेतील. सकाळची वेळ, सगळी पेठ उघडी असेल. लोक बघतील.
बघू दे.