निदर्ड म्हणजे थंडीने काकडलेली

मी, ॲम्ब्रोज मेटकाफ, वय छप्पन्न, राहणार थ्वेटगिल, यॉर्कशर. बुद्धी शाबूत, हृदय नादुरुस्त. कुणाच्या दडपणाखाली नव्हे, निव्वळ संतापाखाली हे मृत्युपत्र लिहितो. सोमवारी शस्त्रक्रिया आहे.

प्रारंभीच तक्रार नोंदवतो की गावच्या दुकानात कोरे कागद मिळेनासे झाले आहेत, रेघांचेच मिळतात. चार वर्षं लॅटिन घोकलेल्या माणसाला रेघांचा आधार देणं हा त्याचा उपमर्द आहे.

१. बावीस वर्षं मी एका इंग्रजी शब्दकोशाचा बिनपगारी वार्ताहर आहे. विरळ झालेले शब्द अर्थासकट लिहून पाठवतो. ‘मॅफ्टेड’, म्हणजे उकाड्याने कासावीस. ‘फ्लेसम’, म्हणजे धडकी भरवणारं. संपादक क्रॉक्सली यांचं उत्तर ठरलेलं : "छापील पुरावा जोडा. ऐकीव शब्द ग्राह्य नाही." माझी केझाया मावशी हे शब्द नव्वद वर्षं बोलते आहे. ती छापलेली नाही, जन्मलेली आहे. क्रॉक्सलींना त्यांचीच सगळी नकारपत्रं ठेवतो. छापील आहेत; ग्राह्य धरावीत.

२. शेडमधलं ‘केल्टरमेंट’, म्हणजे अडगळ, शेजारी ऑस्विन रेनर यांना. निम्मी त्यांचीच आहे. मागायला ते लाजतात, परत करायला मी.

३. मावशी हिवाळा लागल्यापासून वृद्धाश्रमात आहे. "निदर्ड झालेय गं मी," असं ती तिथल्या परिचारिकेला म्हणाली. बाईंनी वहीत ‘असंबद्ध बडबड’ लिहिलं आणि झोपेची गोळी दिली. मी पोचलो तेव्हा मावशीचे हात बर्फ झाले होते.

"अहो, थंडीने काकडल्यात त्या! घोंगडी आणा!"

"मग सरळ इंग्रजीत सांगायचं ना!"

"हे इंग्रजीच आहे, टवळे," मावशी गुंगीतून म्हणाली, "तुझ्या आजीहून जुनं."

मी शब्दार्थांची यादी पलंगाशी लावली. भिंतीवर कागद चालत नाहीत म्हणून ती काढली गेली. सबब त्या वृद्धाश्रमाला काहीही ठेवत नाही. शिव्यासुद्धा नाहीत, त्यांचे अर्थ कोण सांगणार?

४. घर आणि मेंढ्यांचं कुरण थोरले बंधू सिलास यांना, एका अटीवर : रोज दुपारी मावशीपाशी तासभर बसायचं, आणि ती काय म्हणते ते परिचारिकेला सांगायचं. दादा, तिची बोली समजणारा माझ्यानंतर तूच उरतोस. जत्रेत तिने तुझ्या मेंढ्याला तिसरा नंबर दिला, म्हणून अकरा वर्षं तू तिच्याशी बोलत नाहीस. "घरचीच परीक्षक, आणि तिसरा?" अरे, मेंढा फेंगडाच होता! गावाने पाहिला. सोड आता.

वकील म्हणतात, अशी अट कोर्टात टिकेलच असं नाही. म्हणून साधं लिहितो. मरणाची मला फारशी भीती नाही. दादा जाणार नाही, मावशीला थंडी वाजेल, ती तसं सांगेल, आणि कुणाला कळणार नाही, याची भीती वाटते.

सही : ॲम्ब्रोज मेटकाफ
साक्षीदार, दोघांनी एकत्र समोर बसून सह्या केल्या :
१. विनिफ्रेड कॉट्स, टपालबाई
२. जॉब हार्कर, मेंढपाळ
थ्वेटगिल, ९ जानेवारी