कचरा नसलेल्या इसमासाठी कचरागाडीचा थांबा कायम ठेवणेबाबत

प्रति,
मा. पथकप्रमुख,
स्वच्छता पथक,
नगर कार्यालय, चुशी.

विषय : मंदिरामागील गल्ली क्रमांक बारा येथील कचरागाडीचा संध्याकाळचा थांबा बंद करू नये, याबाबत.

संदर्भ : (१) गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर चिकटवलेली आपल्या कार्यालयाची सूचना.
(२) आपल्याच कार्यालयाने याच गल्लीला दिलेले प्रशस्तिपत्रक.

महोदय,

१. अर्जदार फाङ चिन-शुई, वय एक्क्याऐंशी, विधुर, अपत्य नाही, राहणार गल्ली क्रमांक बारा, श्रीमती वेङ यांच्या न्याहारीच्या दुकानावरचा मजला. अर्जदार साखर कारखान्यात आवक-जावक कारकून होता. कारखाना बंद पडून जमाना लोटला, पण सरकारी कागदावर स्वतःला 'मी' म्हणायचे नाही ही तिथली शिस्त हाडीमासी खिळली आहे. तरी या अर्जात जिथे 'अर्जदार' असे येईल तिथे हाच गृहस्थ समजावा.

२. संदर्भ क्रमांक एकच्या सूचनेनुसार, या थांब्यावर जमा होणारा कचरा फारच कमी असल्याने पुढील महिन्यापासून गाडी गल्लीच्या तोंडाशी न थांबता सरळ पुढे जाईल आणि रहिवाशांनी आपला कचरा बाजाराच्या कोपऱ्यावर न्यावा, असे ठरले आहे. बाजाराचा कोपरा लांब आहे, मध्ये कालव्यावरचा पूल आहे, आणि अर्जदाराचे गुडघे चढ दिसला की कुरकुरतात. तथापि अर्जदाराची तक्रार अंतराबद्दल नाही, कारण तिथे नेण्यासारखा कचराच त्याच्याकडे नाही. मग या म्हाताऱ्याला थांबा हवा कशाला, असा प्रश्न आपणास पडेल. त्याचे उत्तर थोडक्यात लिहिण्याचा प्रयत्न अर्जदाराने आधी बऱ्याचदा केला, तो साधला नाही. ते कागद फेकले नाहीत. प्रस्तुत अर्ज त्याच पाठकोऱ्या कागदांवर लिहिला आहे, मागच्या बाजूची खाडाखोड कृपया वाचू नये.

३. अर्जदाराची पत्नी कै. पाओ-चू हयात असेपर्यंत कचरा हे खाते तिच्याकडे होते. संध्याकाळी गाडीचे गाणे आधी मंदिरापलीकडून पुसट ऐकू यायचे, मग जवळ यायचे, आणि पाओ-चू हातातले काम तसेच टाकून, रबरी चपला फटाफट वाजवत जिना उतरायची. गाडी निघून गेल्यावरही बराच वेळ वर यायची नाही. अर्जदार ताटावर खोळंबलेला असे. एकदा त्याने चिडून विचारले, "एक पिशवी टाकायला एवढा वेळ?" त्यावर ती म्हणाली, "पिशवी टाकायला कुठे वेळ लागतो? वेळ माणसांना लागतो. तुम्ही या की एकदा खाली." अर्जदार गेला नाही. वर्तमानपत्र वाचत बसला. कोणते वर्तमानपत्र आणि त्यात काय होते, हे आज त्याला सांगता येणार नाही.

४. पत्नीच्या निधनानंतर अर्जदाराने कचरा घरातच साठू दिला. गाणे वाजले की खिडकी लावून घ्यायची, असा त्याचा क्रम होता. अखेरीस श्रीमती वेङ यांनी रस्त्यावरून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, पुढीलप्रमाणे तोंडी नोटीस बजावली : "फाङकाका! तुमचा वास माझ्या गिऱ्हाइकांच्या सोयादुधात उतरायला लागलाय! उद्या गाणं वाजलं की पिशवी घेऊन खाली या, नाहीतर मी वर येते आणि तुम्हालाच पिशवीत घालते!" दुसऱ्या दिवशी अर्जदार उतरला. गाडीच्या मागच्या फळीवर उभे राहणारे आपले कर्मचारी आ-त्सुंग यांनी पिशवी उघडून पाहिली आणि परत दिली. "आजोबा, काय ही खिचडी! शिजलेलं इकडे, डुकरांना. कच्चं तिकडे, खताला. बाटल्या मागच्या गाडीत. आजवर कोण करायचं तुमच्याकडे हे?" त्याचे उत्तर श्रीमती वेङ यांनी हळू आवाजात दिले. मग सगळी गल्ली अर्जदाराभोवती गोळा झाली आणि भर रस्त्यात त्याची पिशवी निवडू लागली. कोणी रागावत होते, कोणी शिकवत होते. अंत्यविधीनंतर इतकी माणसे अर्जदाराशी एकदम बोलण्याची ती पहिलीच वेळ होती. वर आल्यावर त्या रात्री तो पोटभर जेवला.

५. त्यानंतर आपल्या कार्यालयाने 'घरातले छोटे बदल' हे पत्रक घरोघर वाटले. इतरांनी ते कशाखाली अंथरले, कल्पना नाही. अर्जदाराने ते वरिष्ठांचे परिपत्रक समजून शब्दशः अमलात आणले. टोफू आणायला स्टीलचा डबा, भाजीला कापडी पिशवी. भांडी घासायला वाळलेल्या घोसाळ्याची जाळी आणि चहाच्या बियांची भुकटी. तांदळाचे धुवण कुंड्यांना, मुळ्याच्या साली बरणीत मुरवून भाताबरोबर, पपनसाच्या साली वाळवून डासांवर. बंद पडलेला पंखा फेकण्याऐवजी उघडला. तो पाच दिवस उघडाच राहिला, मग चालू झाला. प्रत्येक बदलाबरोबर संध्याकाळी सांगण्यासारखे काहीतरी अर्जदाराच्या हाती येत असे. फाटके बनियन फडकी म्हणून वापरत असल्याचे त्याने जाहीर केले तेव्हा श्रीमती वेङ म्हणाल्या, "आता काकांच्या घरातली धूळसुद्धा कामाला लागणार बघा!" सगळे हसले. अर्जदारही हसला. घरी असा आवाज काढायला कारण पडत नाही.

६. अर्जदार पत्रक घेऊन दारोदार फिरला, ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांना वाचून दाखवले. गल्लीचा कचरा घटत गेला. आपण स्वतः येऊन प्रशस्तिपत्रक दिलेत आणि अर्जदाराचा हात हातात घेऊन "असेच चालू ठेवा" म्हणालात. अर्जदाराने तसेच चालू ठेवले. शेवटी एका संध्याकाळी गाणे वाजले आणि त्याच्या घरात टाकण्याजोगे काहीही नव्हते.

७. येथे एक अडचण नमूद करणे आवश्यक आहे. पिशवी जमिनीला टेकवायची नाही, गाडी आली की हातानेच द्यायची, हा आपल्या पथकाचा नियम. त्यामुळे गाडीची वाट पाहणाऱ्या प्रत्येकाच्या हातात काही ना काही असते. रिकाम्या हाताने तिथे उभे राहता येत नाही. कोणी हाकलत नाही, पण प्रत्येक जण विचारतो, "काका, पिशवी विसरलात वाटतं?" विसरलो नाही, कचराच नाही, असे सांगितले की पुढचा प्रश्न येतो, "मग खाली कशाला आलात?" या प्रश्नाला चारचौघांत द्यायचे उत्तर अर्जदारापाशी नव्हते. म्हणून दुसऱ्या दिवसापासून त्याने एका पिशवीत वर्तमानपत्राचे बोळे भरले आणि ती घेऊन उतरू लागला. गप्पा संपल्या, गाडी आली, की गर्दीत मागे सरकायचे आणि पिशवी परत घरी आणायची. हा प्रकार काही आठवडे बिनबोभाट चालला.

८. एके दिवशी आ-त्सुंग यांनी अर्जदाराला गाठले. "आजोबा, ही पिशवी माझ्या ओळखीची झालीय. टाकायची नाही तर रोज आणता कशाला, हवा खायला?" आजूबाजूचे हसले. अर्जदाराचे कान लाल झाले असावेत, कारण आ-त्सुंग एकदम वळून दुसऱ्यांच्या पिशव्या घेऊ लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच हात पुढे केला, पिशवी घेतली, गाडीत टाकल्यासारखे केले आणि दुसऱ्या बाजूने अर्जदाराच्या हातात परत दिली. तेव्हापासून रोज असेच चालते. हे नियमात बसत नाही, हे अर्जदार जाणतो. आ-त्सुंग यांच्यावर कोणतीही कारवाई होऊ नये. जो काही ठपका ठेवायचा असेल तो अर्जदारावर ठेवावा, त्याला आता बढतीची चिंता नाही.

९. सूचना लागल्यावर अर्जदार आपल्या कार्यालयात आला होता. खिडकीवरील बाईंनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि समजावले, "आजोबा, तुमच्या गल्लीचं कौतुकच आहे हो. पण दोन-चार पिशव्यांसाठी एवढी मोठी गाडी थांबवायची, तिचा धूर काढायचा, हे तरी निसर्गाला धरून आहे का? तुम्हीच सांगा." महोदय, हा मुद्दा बिनतोड आहे. अर्जदार त्यावर घरी येऊन पुष्कळ विचार करीत बसला आणि प्रत्येक वेळी बाईंचेच बरोबर निघाले. अर्जदाराचे काही चुकले असेल तर ते एवढेच, की परिपत्रकाप्रमाणे वागताना आपण आपल्याच पायाखालची फळी कापतो आहोत, हे त्याच्या ध्यानात आले नाही.

१०. तेव्हा कचरा वाढवणे एवढाच मार्ग उरला. अर्जदाराने तोही करून पाहिला. बाजारातून कागदी डब्यातले जेवण आणले. जेवण बेताचे होते, पण डबा चांगला निघाला. तो टाकवेना. धुऊन ठेवला. असे डबे साठले, त्यांत आता मोहरीच्या भाजीची रोपे वाढत आहेत. नंतर अर्जदाराने श्रीमती वेङ यांच्याकडे थोडा कचरा मागितला. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मीठ उसनं मागणारे पाहिले, तेल मागणारे पाहिले. कचरा उसना मागणारे तुम्ही पहिलेच!" तरी त्यांनी अंड्यांची टरफले बांधून दिली. अर्जदार ती घेऊन वर आला आणि हाताच्या सवयीने कुस्करून रोपांना घालून बसला. लक्षात आले तेव्हा उशीर झाला होता. या वयात कचरा करणे आता शिकवून येणार नाही.

११. सूचनेनंतर गल्लीत बोलणे असे चालले आहे की, बाजाराचा कोपरा घराजवळ नसला तरी कामावरून येताना वाटेत पडतो, ज्याने त्याने जाता-येता आपापली पिशवी तिथे द्यावी. श्रीमती वेङ यांचा भाचा त्यांची पिशवी दुचाकीवरून नेणार आहे. म्हणजे सर्वांची सोय होते. कोणी कोणाची वाट पाहत उभे राहण्याचे कारण उरत नाही. बुधवारी आणि रविवारी गाडी येत नाही, ते दिवस कसे जातात हे अर्जदाराला माहीत आहे. पुढील महिन्यापासून आठवड्यात सगळे तेच दिवस असतील. अर्जदाराला एकटे वाटते. हे कारण आपल्या नियमावलीत कोणत्याही रकान्यात बसत नाही, याची त्याला पूर्ण कल्पना आहे, आणि एवढ्यासाठीच ते थोडक्यात लिहिता येत नव्हते.

१२. सबब अर्जदाराने घराची पुन्हा कसून तपासणी केली, तेव्हा टाकण्याजोगा माल आढळला. स्वयंपाकघराच्या खालच्या खणात प्लास्टिकच्या पिशव्या आहेत. कै. पाओ-चू बाजारातून आलेली प्रत्येक पिशवी धुऊन, वाळवून, तिची तिकोनी घडी घालून त्या खणात ठेवीत असे. तेव्हा असले पत्रक निघालेले नव्हते. अर्जदार तिला हसत असे, "एवढ्या पिशव्या काय करायच्या आहेत?" ती म्हणे, "लागतील." आजवर अर्जदाराने त्यांतली एकच घडी उलगडली आहे. बोळे भरून रोज खाली नेतो आणि परत आणतो, ती हीच. तिची घडी पुन्हा तशी घालता आली नाही, म्हणून बाकीच्यांना हात लावला नाही.

१३. आता अर्जदार आपणास लेखी हमी देतो की, थांबा कायम राहिल्यास तो रोज संध्याकाळी त्या खणातील एक पिशवी खरोखर गाडीत टाकेल. खण गच्च भरलेला आहे, बेताबेताने टाकल्यास बरीच वर्षे पुरेल. तेवढी वर्षे अर्जदाराला लागणार नाहीत. एका पिशवीने वजन वाढत नाही हे मान्य, पण हा थांबा बिनकचऱ्याचा आहे असे मग कोणाला म्हणता येणार नाही.

१४. हेही शक्य नसल्यास, गाडीने थांबू नये, फक्त गल्लीपाशी वेग थोडा कमी करून गाणे वाजवीत जावे. गाणे ऐकून माणसे सवयीने एकदा तरी दारात येतील. तेवढ्या वेळात मी खाली उतरून येऊ शकतो. गुडघे दुखतात, पण मी लवकर निघेन.

तसदीबद्दल क्षमस्व. उत्तर टपालाने न पाठवता आ-त्सुंग यांच्यासोबत संध्याकाळी पाठवल्यास लिफाफा वाचेल, आणि मी खालीच असेन.

आपल्या पत्रकाचा पाईक,
(सही)
फाङ चिन-शुई
गल्ली क्रमांक बारा, चुशी
दिनांक १८, अकरावा महिना, प्रजासत्ताक वर्ष ११३ (इ. स. २०२४)

सोबत :
(१) प्रशस्तिपत्रकाची प्रत.
(२) तिकोनी घडी घातलेली पिशवी, एक. हमीचा नमुना म्हणून जोडली आहे. आपण पाहून घ्यावी, पण कृपया उलगडू नये, आणि पाहून झाल्यावर परत मिळावी.