डावा खिळा, उजवा खिळा

अण्णा, परवा मी तुमच्या टाऊन हॉलात जाऊन आले. सोनईहून एसटीनं, नातीबरोबर. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, मी आपलं कंडक्टरला नगरच म्हणाले. पंच्याहत्तरी ओलांडली की एसटी फुकट असते, हे ऐकून तुम्ही हसला असता आणि मग दोनदा विचारलं असतं, खरंच फुकट ना, म्हणून. नात माझ्या थोरल्याची मुलगी. न्यायाधीशाची परीक्षा पास झाली. तिचा सत्कार होता, आणि तोही कुठं, तर आपल्याच हॉलात! मी इतकी खूष होते की दोन पायांत दोन चपला घालून निघाले. सुनेनं फाटकात अडवलं, "आत्या, एक तुमची हाय, एक माझी."

वाटलं होतं, हॉलाच्या दारात पाय ठेवला की भडभडून येईल. पदर होताच, वर रुमालपण घेतला होता. पण काही आलं नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय कसा बधिर होतो, चिमटा काढला तरी शेजारणीच्या पायाला काढल्यासारखा वाटतो, तसं आत झालं होतं. तुम्ही गेलात तेव्हाही असंच. माझा थोरला पाळण्यात होता. बाया म्हणाल्या, हिला बाप गेल्याचा धक्का बसलाय, हिला रडवा. धक्का कसला. तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती आणि ती राहून गेली, एवढंच डोक्यात होतं. आजही तेवढंच आहे.

हॉल आता रंगवलाय. कौलं काढून पत्रा घातलाय, खुर्च्या गुबगुबीत आहेत, सतरंजी नाही. दगडी पायऱ्या तेवढ्या त्याच, मधे झिजलेल्या. तुमच्या वेळी गावाला भांडायचं असो की रडायचं असो, माणसं याच पायऱ्या चढायची. पाण्याची बोंब झाली की तिथं सभा. शाळांची बक्षिसं तिथं, डोळे तपासायचा कॅम्प तिथं, नाटकाची तालीम तिथं. तालमीतला राजा बिडी ओढायला मागच्या खोलीत यायचा आणि तुम्ही त्याला बाहेर काढायचात, "महाराज, हितं फुलं हायेत."

आई कापसाच्या जिनिंगात कामाला जायची, म्हणून मी शाळा सुटली की त्या मागच्या खोलीत. शाळा तरी कुठवर, चौथीपर्यंत. पण सभा मी पुष्कळ ऐकल्या, खिडकीच्या फटीतून. तुम्ही पांढरी टोपी घालून व्यासपीठाच्या कोपऱ्यात उभे असायचात, हातात हारांचं तबक. बाकी दिवसभर झाडू, घागर, सतरंजी. तबक हातात आलं की तुम्ही वेगळेच दिसायचात. उंच. मी शेजारच्या पोरींना सांगायचे, माझ्या वडलांनी तबक पुढं केल्याशिवाय मोठ्यातल्या मोठ्या माणसाला हार मिळत न्हाई.

खोलीतल्या भिंतीवर दोन खिळे होते. डावा शोकसभेचा, उजवा सत्काराचा. फुलवाला एकच, निशिगंधाचे हार सारखेच, केळीच्या पानात बांधलेले. कोणता कशाचा ते खिळ्यावरूनच कळायचं. शोकसभा झाली की फोटो घरची माणसं न्यायची, हार तुम्ही परत पानात बांधून डाव्या खिळ्याला लावायचात आणि संध्याकाळी घरी जाताना सीना नदीत सोडायचात. मला ताकीद होती, भिंतीकडं जायचं न्हाई.

त्या दिवशी सकाळी शोकसभा आणि संध्याकाळी एका म्हाताऱ्या हेडमास्तरांचा सत्कार. दुपारी तुम्ही खुर्च्या आणायला गेलात. मी घागर पालथी घालून तिच्यावर चढते, उजव्या खिळ्यावरची पुडी काढते, हार गळ्यात घालते. आरसा नव्हता. खिडकीच्या काचेत बघितलं. काय सांगू, अण्णा, फार छान दिसत होते मी! तेवढ्यात घागर हलली, मी खाली, आणि दोरा तुटला.

फुलं गोळा केली, गाठ मारली, पण हार आखूड झाला, वाकडा झाला. मग डाव्या खिळ्यावरचा, सकाळचा हार उतरवला. त्याच्यावर पाणी शिंपडलं आणि तो नव्या पानात बांधून उजवीकडं टांगला. तुटका जुन्या पानात बांधून डावीकडं. भीती नंतर वाटली.

तुम्ही फोटोला हार बारीक तारेनं बांधायचात. एरवी तार काढून ठेवायचात, त्या दिवशी घरच्यांना घाई होती, तुकडा आत राहिला. संध्याकाळी अध्यक्षांनी हार घातला आणि हेडमास्तर मानेला हात लावून "आई गं" म्हणाले. तार ओढून बाहेर काढली. पुढच्या रांगेतलं कोणीतरी ओरडलं, "अहो, ही तर फोटोची तार! सकाळचा हार हाय तो!" मास्तर मोठे हुशार. म्हणाले, "राहू द्या हो. पुढं लागणारच हाय, आज मापाला घालून बघितला." सगळा हॉल हसला. फटीतून बघताना मीपण हसले. तुम्ही हसला नाहीत. तबक खाली ठेवलंत, हात जोडलेत, म्हणालात, "माझ्या हातनं झालं."

कोणी तुम्हाला बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. घरी जाताना सीनेच्या कडेला तुम्ही डाव्या खिळ्यावरची पुडी हातात धरून उभे राहिलात. ती उघडली असतीत तर सगळं कळलं असतं, तुटका दोरा, माझी गाठ. मी त्या पुडीकडंच बघत होते. तुम्ही न उघडताच पाण्यात सोडलीत. मग मला विचारलंत, "बाय, तू हुतीस ना खोलीत? सकाळचा हार मी कोणत्या खिळ्याला लावला?"

मी म्हणाले, "उजव्या."

"बघितलंस तू?"

"व्हय."

"मग ध्यान गेलं माझं," असं म्हणून तुम्ही चालायला लागलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःहून कमिटीला सांगून आलात, तबक दुसऱ्याला द्या. ते नको नको म्हणत होते. नंतर कितीतरी वर्षं तुम्ही सतरंजी घातलीत, पण व्यासपीठाच्या कोपऱ्यात उभे राहिला नाहीत. घरी कडी लावून परत बघायला उठायचात. आई चिडायची, "लावलीया कडी, किती येळा बघाल!" मी पांघरुणात ऐकायचे. उद्या सांगू, म्हणायचे. मग लग्न झालं, सोनईला आले, गाई, थोरल्याचं बाळंतपण, सासूबाईंचा दमा. उद्या सांगू ते तसंच राहिलं.

परवा एसटीत ठरवलं होतं की नात व्यासपीठावर असताना उठून सगळ्यांसमोर सांगायचं. आणि संधीही तशीच आली. नातीला शाल दिली, पुस्तक दिलं, हल्ली हार घालत नाहीत. ती माईकवर म्हणाली, "माझ्या आजीचे वडील या हॉलात शिपाई होते," आणि मला वर बोलावलं. दोघांनी धरून चढवलं, गुडघे ऐकत नाहीत आता माझे. मी मुद्दाम तुमच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. "आजी, दोन शब्द," म्हणाले. एवढी माणसं, सगळी माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, "माझे वडील सतरंजी अशी घालायचे की एक सुरकुती दिसायची न्हाई." टाळ्या पडल्या. मी खाली उतरले. नातीचे डोळे भरले होते, माझे कोरडेच.

नंतर तिला मागची खोली दाखवली. तिथं आता माईकचं सामान आहे, भिंतीला गिलावा, खिळ्यांच्या जागी बटणांचा बोर्ड. मी बोट लावून दाखवलं, हा डावा, हा उजवा. तिनं विचारलं, "आजी, कधी अदलाबदल झाली नाही?"

"झाली एकदा."

"कुणाकडून?"

मी म्हणाले, "चल, चहा गार होतोय." न्यायाधीश आहे ती, बटणांच्या बोर्डाकडं परत एकदा बघून मग माझ्यामागं आली. चहा मात्र चांगला होता, आलं घातलेला, दोन कप घेतले.

हे तिच्या जुन्या वहीत मागच्या पानावर लिहितेय. पानं कोरी होती, वाया कशाला घालवायची. कुठं पाठवणार, वही तांदळाच्या डब्यामागं ठेवीन. लिहितानाही काही वाटत नाही, अक्षर तेवढं वाकडं येतंय. पण तुम्ही नदीवर विचारलं होतं, म्हणून सांगते. सकाळचा हार तुम्ही डाव्याच खिळ्याला लावला होता, अण्णा.