चौकोनाखालची टिंबं

चामराजपेट, बेंगळुरू
मंगळवार, १९ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप अण्णास,
वसूचा शिरसाष्टांग नमस्कार.

पस्तीस वर्षांनी बहिणीचं पत्र आलं म्हणजे कुणीतरी वारलं असणार, असंच तुला वाटलं असेल. तर आधीच सांगते, सगळे जिवंत आहेत. हे पत्र एका जिवंत माणसाबद्दलच आहे. ते पुढे येईल.

तुझा पत्ता नयनानं दिला. आपल्या या चुलतबहिणीच्या पोटात तीळ भिजत नाही हे ठाऊक असूनही तू तिला तो सांगितलास, म्हणजे तो माझ्यापर्यंत पोचावा असं तुलाही वाटत होतं, असं मी धरून चालते. नसेल तर तिला बोल लाव. लेकाकडे, शुभंकरकडे, महादेवपुऱ्याला येऊन तुला वर्ष झालं म्हणे. एकाच गावात आहोत आपण, पण इथला रिक्षावाला "स्वल्प दूर अक्का" म्हणतो आणि दोन तास घेतो. फोनवर लिहून पाहिलं. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. फोनवर पुसलं की मागे काहीच राहत नाही, कागदावर खोडलेलंसुद्धा दिसतं. म्हणून कागद घेतला.

इकडची हालहवाल अशी. मी गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले. आमचे हे, विश्वेश्वर (लग्न तू गेल्यावर झालं, म्हणून नावानिशी ओळख करून देते), दिवसभर घरी असतात आणि मला चाळीस वर्षांचा स्वयंपाक नव्यानं शिकवतात. अप्पांच्या छापखान्याच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान झालंय. भिंतीवरची 'लग्नपत्रिका, कन्नड-मराठी-इंग्रजी' ही अक्षरं चुन्याखालून अजून डोकावतात. येत्या सोमवारी बसवनगुडीला शेंगांची जत्रा आहे. आपल्या दोघांचे खिसे शेंगांनी भरून अप्पा टरफलं मात्र स्वतःच्या खिशात टाकायचे, रस्त्यावर नकोत म्हणून. आई कोट धुताना वैतागायची, आठवतं?

आणि हर्षिता. तुझी भाची, सत्तावीस वर्षांची. बाविसाव्या वर्षी तिला आवाज ऐकू यायला लागले, अप्पांना यायचे तसे. आपण तेव्हा 'अप्पांच्या डोक्याला ताप झालाय' म्हणायचो. तिच्या डॉक्टरीणबाईंनी सरळ नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. दोन वर्षांपूर्वी तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला. मी शेजारच्या खोलीत होते, अण्णा. जागी होते, मधलं दार उघडं होतं, भाजी निवडत होते. वाचली. आता औषधं नेमानं घेते, डॉक्टरीणबाईंशी मनमोकळं बोलते, जयनगरला एका पुस्तकाच्या दुकानात अर्धा दिवस काम करते. मला टोमणे मारते, त्यावरून ती बरी आहे हे मी ओळखते.

जूनपासून आमचं घर डॉक्टरीणबाईंच्याच हॉस्पिटलातल्या एका संशोधनात आहे. एकाच घरात हा आजार एकाहून जास्त जणांना झाला असेल, तर रक्तातून काही कळतं का, ते शोधतात. आर्या म्हणून पुण्याची एक मुलगी आहे तिथं, शुभंकरच्याच वयाची असेल. रक्तातल्या पेशींपासून ते लोक बशीत मेंदूच्या पेशी वाढवतात, असं तिनं सांगितलं. त्यावर हर्षिता मला म्हणते कशी, "आई, माझा मेंदू ठिकाणावर नाही म्हणायचीस ना? आता खरंच दुसरीकडे आहे." आर्या आधी दचकली आणि मग इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचे बघायला लागले.

मी तिला विचारलं, "एक खिळा चुकीचा बसला की पान बिघडतं, तसं आहे का हे?" छापखान्यातलं अक्षर म्हणजे खिळा, हे तिला समजावून सांगावं लागलं. म्हणाली, "नाही काकू, एकच जीन असतं तर सोपं होतं. शेकडो आहेत, प्रत्येकाचा वाटा अगदी थोडा. त्यातली कितीतरी तुमच्यातही असतील, आणि तुम्ही एकदम ओके आहात. म्हणून आजारी न पडलेल्या भावाबहिणींचंही ब्लड आम्हाला हवं असतं. त्यांना कशानं सांभाळलं, हेही शोधायचंय ना." मला हे फार आवडलं. घराण्यात काय बिघडलं एवढंच आपण बोलत आलो, काय टिकलं ते कुणी विचारलंच नव्हतं.

पहिल्याच दिवशी आर्यानं आमच्या घराण्याचा तक्ता काढला. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. आजारी असेल तर आत काळं भरायचं, वारला असेल तर वरून तिरकी रेघ, आणि स्वतःच्या हातानं गेला असेल तर शेजारी फुली. अप्पांचा चौकोन आला. कसे गेले, असं तिनं विचारल्यावर 'तळ्यावर पाय घसरला' हे इतकी वर्षं सांगितलेलं वाक्य माझ्या तोंडाशी आलं. पण शेजारी हर्षिता बसली होती. तिच्यापुढे ते बोलवेना. पहिल्यांदा खरं सांगितलं, इथं लिहूनही टाकते. अप्पांनी जीव दिला.

मग आर्या म्हणाली, "भाऊ आहेत ना तुम्हाला?"

"अण्णा? तोही गेला. त्याच वर्षी."

"ओह, सॉरी काकू," म्हणून तिनं तुझ्या चौकोनावर रेघ मारली. मग हळूच विचारलं, "त्यांनीही...?" मी गप्प बसले. तिनं शेजारी बारीकशी फुली केली.

मी 'गेला' म्हणाले ते घर सोडून गेला या अर्थानं, अण्णा. पण तिचं 'सॉरी' ऐकताक्षणी चूक माझ्या लक्षात आली होती, आणि मी ती दुरुस्त केली नाही. मी, प्रुफं तपासणाऱ्याची मुलगी! पत्रिकेत 'वधू'च्या जागी 'वध' पडलेला मी सातव्या वर्षी पकडला होता, आणि अप्पांनी सगळ्या छापखान्याला मैसूरपाक वाटला होता.

का दुरुस्त केली नाही ते सांगते. आधी त्यानं काय झालं ते सांगू दे.

तक्त्याची प्रत आर्यानं घरी तपासायला दिली. ती हर्षितानं नीट पाहिली, तुझ्या चौकोनाजवळची फुलीसुद्धा. लहानपणापासून मामा कुठे विचारलं की मी हेच म्हणत आले होते, मामा गेला. जेवताना वरणावर तूप घेता घेता म्हणाली, "आजोबा, मग मामा. मग पुढचा नंबर माझा, बरोबर ना?" मी म्हणाले, अगं मामा जिवंत आहे. तर म्हणाली, "आजोबांचा पाय घसरला होता आणि मामा जिवंत आहे. मला बरं वाटावं म्हणून तू काहीही सांगतेस आई." नयनाकडून तुझा फोटो मागवून दाखवला. असे फोटो हल्ली फोनवर बनवता येतात, म्हणाली. खोटं बोलणाऱ्या आईला असंच उत्तर मिळायचं.

परवा तिनं विचारलं, "ठरलेलंच असेल तर गोळ्या कशाला?" डॉक्टरीणबाईंना तेव्हाच फोन केला, त्या तिच्याशी तासभर बोलल्या. गोळ्या चालू आहेत. पण तो प्रश्न घरात आहे, आणि त्याला उत्तर माझ्याकडून चालत नाही. तुझ्याकडून चालेल.

आता दुरुस्त का केली नाही ते. अप्पांना एकटं सोडायचं नाही असं ठरल्यावर आईनं एका जुन्या प्रुफाच्या पाठीवर राखणीच्या पाळ्या लिहून कागद खुंटीला अडकवला होता. गुरुवारी सकाळी वसू, दुपारी श्री, म्हणजे तू. त्या गुरुवारी सकाळी अप्पांजवळ मी बसले होते. त्यांचा डोळा लागला आणि मी नयनाबरोबर बांगड्या भरायला गेले. अर्ध्या तासाचं काम. तू छापखान्यात होतास, तुला सांगितलंसुद्धा नाही. परत आले तर खाट रिकामी होती.

संध्याकाळी माणसं जमली तेव्हा मी तो कागद काढला आणि 'वसू' आणि 'श्री' यांच्यामधून लाल पेन्सिलीनं अदलाबदलीची नागमोडी खूण ओढली. दोन शब्द उलटे पडले की करायची ती, अप्पांनीच शिकवलेली. आणि सगळ्यांदेखत म्हणाले, पाळी अण्णाची होती. तू कागद पाहिलास. माझ्या हातातली पेन्सिल पाहिलीस. तेरावं झाल्यावर ट्रंक उचलून गेलास. आईनं शेवटपर्यंत तुझं नाव घेतलं नाही, आणि मी तिला कधी खरं सांगितलं नाही.

तक्त्यावरची रेघ मी राहू दिली कारण मेलेला माणूस परत येऊन विचारत नाही, तो कागद कुणी बदलला म्हणून. इतकं सरळ, इतकं घाणेरडं आहे हे.

पण हर्षिताच्या वेळी मी भिंतीपलीकडे होते, आणि माझ्यावर कुणी बोट ठेवलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसत्या राखणीनं आजार थांबत नाही, बाई, पण तुम्ही तिला वेळेत आणलंत. मी आधी माझ्यासाठी रडले, मग तुझ्यासाठी. अप्पा तुझ्यामुळे गेले नाहीत. माझ्यामुळेही गेले नसतील, चोवीस वर्षांची पोर होते मी. ती खूण मात्र मी ओढली. तो दोष माझा, तो कुठल्या रक्तातून आलेला नाही.

काल आर्याला सगळं सांगितलं. रागावली नाही. सत्तावीस तारखेला, बुधवारी अकरा वाजता तक्ता पक्का करणार आहे. "मामांना आणता येईल का?" म्हणाली. पत्ता आणि तिचा नंबर मागे लिहिलाय. रक्त द्यायचं की नाही ते तू ठरव, तिथं कुणी सक्ती करत नाही. शुभंकरला काय आणि किती सांगायचं तेही तुझ्यावर. मला माफ कर असं मी म्हणत नाही. माझ्याशी बोलायचं नसेल तर मी बाहेर बाकावर बसेन. तू फक्त दारातून आत ये. अप्पांचा मुलगा, त्रेसष्ट वर्षांचा, टक्कल पडलेला, धडधाकट, चालत आत येताना त्या पोरीला दिसू दे.

तुला लिहितेय हे तिला सांगितलं. म्हणाली, "मामा आलाच तर सोमवारच्या थोड्या शेंगा त्याच्यासाठी ठेवते." 'आलाच तर' म्हणाली, अण्णा. मला तेवढं पुरलं, त्याच जोरावर हे पत्र पुरं झालं.

तक्त्याची प्रत माझ्यासमोर आहे. चुकून खोडलेला शब्द परत हवा असेल तर अप्पा काय करायला सांगायचे? त्याच्याखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, 'असू दे'. मी लाल पेन्सिलीनं तुझ्या चौकोनाखाली टिंबं दिली आहेत. समासात लिहिलेलं नाही. ते तू येऊन लिही.

तुझी,
त्या गुरुवारी सकाळी जिची पाळी होती ती
वसू